अपेक्षा कोणत्या हक्काने?

देवळी हे वर्धा-यवतमाळ रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. इथल्या माणसाचा रोजचा लेखी व्यवहार मराठीत चालतो. तहसील कार्यालय, नगर परिषद, पंचायत समिती, सगळीकडे अर्ज मराठीत चालतो आणि 1964च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने त्याला कायद्याचा आधारही दिला आहे. इंग्रजीची गरज पडते ती व्यवहार राज्याबाहेर गेला की. कापसाच्या गाठी कोईमतूरच्या सूतगिरणीला पाठवायच्या असोत, औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्याला चेन्नईहून यंत्राचा सुटा भाग मागवायचा असो, बंगळुरूच्या कंपनीत नोकरीसाठी अर्ज करायचा असो, पत्र इंग्रजीतच जाते. अशा पत्रांचा मधला मजकूर बहुधा निभावून जातो, कारण तिथे आकडे, तारखा आणि मालाची नावे असतात आणि ती स्वतःच बोलतात. घोटाळा होतो तो शेवटच्या दोन ओळींत. समोरच्याने आता काय करावे असे आपल्याला वाटते, ते तिथे सांगायचे असते. या ओळी चुकतात याचा दोष आपण सरसकट कच्च्या व्याकरणाला देतो. व्याकरणाचा वाटा त्यात आहेच, पण मूळ दुखणे वेगळे आहे. समोरच्याकडून अपेक्षा करण्याचा आपल्याला किती हक्क आहे हे लिहिणाऱ्याने आधी ठरवलेलेच नसते. इंग्रजी भाषा तेच आधी विचारते आणि उत्तरानुसार वेगळे क्रियापद हातात देते.

मराठीत हा प्रश्न इतक्या उघडपणे पुढे येत नाही, कारण आपल्याकडे विध्यर्थाची सोय आहे. ‘उत्तर पाठवावे’ हे वाक्य साहेबाने कारकुनाला लिहिले तर हुकूम होतो, कारकुनाने साहेबाला लिहिले तर विनंती होते आणि व्याह्याने व्याह्याला लिहिले तर नुसती आपुलकीची आठवण होते. क्रियापद तेच, प्रत्यय तोच; हुकूम की विनंती हे नाते ठरवते. शंका उरू नये म्हणून आपण ‘ही नम्र विनंती’ जोडतो, किंवा घरच्या पत्रात ‘कळावे, लोभ असावा’ म्हणून मोकळे होतो. इंग्रजी क्रियापदाला असा सर्वांना पुरणारा प्रत्यय नाही. हे काम तिथे होप, लुक फॉरवर्ड, अवेट, ट्रस्ट, अँटिसिपेट, एक्स्पेक्ट अशा निरनिराळ्या शब्दांत वाटले गेले आहे. शाळेतल्या शब्दार्थांच्या यादीत मात्र त्यांच्यापुढे ‘आशा करणे’, ‘अपेक्षा करणे’, ‘वाट पाहणे’ असे अर्थ लिहिलेले असतात आणि मराठीत हे तिन्ही शब्द बऱ्याचदा एकमेकांच्या जागी चालतात. तर्खडकर भाषांतर पाठमालेपासून आपण इंग्रजी शिकलो ते वाक्याला वाक्य ठेवून. वाक्यरचना पक्की व्हायला ती रीत उत्तम, पण पत्र कोण कोणाला लिहितो आहे हे सुट्या वाक्यात कळत नाही. मराठी माध्यमाच्या शाळांत पूर्वी इंग्रजी पाचवीपासून सुरू होई, 2000 सालापासून ती पहिलीपासून आली. वर्षे वाढली, तरी अर्जाचा साचा पाठ करण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी तीच राहिली.

एक पत्र जवळून पाहू. समजा, देवळीतल्या एका जिनिंग-प्रेसिंगवाल्याने जानेवारीत 170 किलोच्या शंभर गाठी दक्षिणेतल्या एका सूतगिरणीला पाठवल्या. मार्च संपत आला तरी पैशाचा पत्ता नाही. तो लिहितो, ‘आय ॲम एक्स्पेक्टिंग युवर पेमेंट ॲट द अर्लिएस्ट.’ मनात आहे ते असे: पैसे लवकरात लवकर पाठवा, आता फार झाले. वाचणाऱ्यापर्यंत काय पोचते? ‘आय ॲम एक्स्पेक्टिंग’ या चालू काळामुळे वाक्य मागणीचे न राहता माहितीचे होते. म्हणजे पैसे निघालेच आहेत आणि मी ते येण्याची वाट पाहतो आहे, असा काहीसा भाव. ‘ॲट द अर्लिएस्ट’चा रूढ इंग्रजी अर्थ तर जवळजवळ उलटा आहे. ‘मंडे ॲट द अर्लिएस्ट’ म्हणजे सोमवारच्या आधी नाहीच. भारतात तो ‘लवकरात लवकर’ या अर्थाने चालतो हे खरे आणि कोईमतूरचा माणूस तो बरोबर समजेलही, पण त्यात तारीख नाही ही उणीव तरीही राहतेच. आता याच व्यापाऱ्याचा हक्क तपासू. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या 2006च्या कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराशी लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. ती मुदत उलटली असेल, तर या माणसाला आशा करत बसण्याचे कारण नाही. त्याने लिहावे, ‘वी एक्स्पेक्ट पेमेंट बाय 10 एप्रिल.’ कर्ता स्पष्ट, काळ साधा, तारीख ठरलेली. इथे एक्स्पेक्ट शोभते, कारण त्याच्या पाठीशी बिल आहे, पावती आहे आणि कायदा आहे.

हाच व्यापारी त्याच गिरणीला हंगामाच्या सुरुवातीला, नमुना पाठवून, पहिल्यांदाच पत्र लिहीत असता तर? तेव्हा ना करार, ना देणे. तिथे ‘वी एक्स्पेक्ट युवर ऑर्डर’ लिहिले तर वाचणारा भुवया उंचावेल. त्या पत्राला ‘वी होप’ हवे, म्हणजे निर्णय तुमचा, इच्छा आमची. नमुना पसंत पडला, भाव ठरला, माणूस भेटायला येणार असे कळले, की मग ‘वी लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’ योग्य ठरते. कारण लुक फॉरवर्डमध्ये ती गोष्ट घडणार हे दोघांनीही धरलेले असते, वर थोडा आनंदही असतो. पुढे सौद्याचा कागद सहीसाठी त्यांच्याकडे गेला असेल, तर ‘वी अवेट युवर साइन्ड कॉपी’. अवेट हा कोरडा, कामकाजाचा शब्द आहे. आमचे काम झाले, आता पुढची चाल तुमची, एवढेच तो सांगतो. माणूस तोच, गिरणी तीच, कापूसही तोच, पण व्यवहार जसा पुढे सरकला तसा हक्क वाढला आणि हक्काबरोबर क्रियापद बदलले.

एक्स्पेक्टमध्ये हुकूम कसा दडलेला असतो याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला समुद्रावरचा आहे. 21 ऑक्टोबर 1805 रोजी ट्रफाल्गारच्या लढाईपूर्वी ॲडमिरल नेल्सनला आपल्या आरमाराला निशाणांनी संदेश द्यायचा होता: प्रत्येक जण आपले कर्तव्य करील असा इंग्लंडला विश्वास आहे. त्याने सांगितलेले क्रियापद होते ‘कन्फाइड्स’, म्हणजे भरवसा बाळगते. निशाणे चढवण्याची जबाबदारी असलेला अधिकारी जॉन पास्को याने अडचण मांडली की सांकेतिक कोशात हा शब्द नाही, त्याचे एकेक अक्षर स्वतंत्र निशाणांनी दाखवावे लागेल आणि वेळ जाईल. ‘एक्स्पेक्ट्स’ मात्र कोशात आहे. नेल्सनने ते मान्य केले. निशाणे वाचली, वेळ वाचला आणि संदेशाचा सूर पालटला. भरवशाच्या जागी बजावणी आली. सेनापती आणि सैनिक यांच्या नात्यात ती खपून गेली, कारण तिथे हक्क निर्विवाद होता. नोकरीचा अर्ज करणारा उमेदवार ‘आय एक्स्पेक्ट यू टू कन्सिडर माय ॲप्लिकेशन’ लिहितो तेव्हा तो नकळत सेनापतीच्या जागी उभा राहतो.

याचा अर्थ एक्स्पेक्ट वर्ज्य करावे असा नाही. या क्रियापदाची दोन कामे आहेत आणि ती वेगळी ओळखता आली की भीती उरत नाही. ‘वी एक्स्पेक्ट द ट्रक टू रीच ऑन मंडे’ हा निव्वळ अंदाज आहे, त्यात कोणावर दडपण नाही. ‘द रेट्स आर एक्स्पेक्टेड टू फॉल’ हेही तसेच. बाजारभाव, पाऊस, निकाल यांच्या बातम्यांत हा शब्द सर्रास येतो. कर्म वस्तू किंवा घटना असेल तर बहुधा अंदाज. कर्म ‘यू’ असेल आणि पुढे ‘टू’ असेल तर मागणी. ‘वी एक्स्पेक्ट पेमेंट’सारख्या वाक्यात वस्तू असूनही मागणी होते, कारण ते पैसे समोरचा देणे लागतो. म्हणजे इथेही निकाल हक्कच लावतो. आणखी एक सावधगिरी: कर्म गाळून नुसते ‘आय ॲम एक्स्पेक्टिंग’ लिहू नये. इंग्रजीत बाईने असे म्हटले तर तिला दिवस गेले आहेत असा अर्थ होतो.

अँटिसिपेट या शब्दाचा नेमका वापर दाखवायला वर्धा जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. तेच पुढे सेवाग्राम झाले. 23 जुलै 1939 ही तारीख आणि वर्ध्याचा पत्ता घातलेले त्यांचे एक छोटे इंग्रजी पत्र हिटलरच्या नावे आहे. युद्ध टाळू शकेल असा जगातला एकच माणूस आज तुम्ही आहात, तेव्हा ते टाळा, हा त्याचा आशय. ब्रिटिश सरकारने ते पत्र पुढे जाऊ दिले नाही. इथे पाहायची ती त्या पत्राची रचना. सुरुवातीलाच गांधीजी सांगतात की मित्रांनी बराच आग्रह केला तरी आपण लिहीत नव्हतो, कारण आपण लिहिणे हे आगाऊपणाचे होईल असे वाटत होते. शेवटी, लिहिण्यात चूक झाली असेल तर क्षमेबद्दल ते बोलतात आणि तिथे होप न वापरता अँटिसिपेट वापरतात. अँटिसिपेट म्हणजे एखादी गोष्ट येणार असे धरून आधीच तसे वागणे. क्षमा मिळावी अशी याचना त्यात नाही, क्षमा केलीच पाहिजे असा आग्रहही नाही. ती मिळालीच आहे असे मानून लिहिणारा पुढे गेलेला आहे. होपने विनवणी झाली असती, एक्स्पेक्टने उद्धटपणा. अनोळखी हुकूमशहाला बरोबरीच्या नात्याने लिहिणाऱ्या माणसासाठी या दोन्हींच्या मधली जागा या एका शब्दाने राखली. आपल्याकडच्या अर्जांत ‘थँकिंग यू इन अँटिसिपेशन’ असते तेव्हा तेच घडते: काम होण्याआधीच आभार मानून आपण काम झाले असे धरतो. रजेच्या अर्जात ते चालून जाते. मोठी सवलत मागताना ते समोरच्याला गृहीत धरल्यासारखे वाटते.

गांधीजींच्या त्याच पत्राचा समारोप ‘आय रिमेन’ या जुन्या पद्धतीच्या शब्दांनी होतो आणि त्यातून आपल्या एका सवयीचे मूळ सापडते. आपण पत्राच्या शेवटी ‘होपिंग टू हिअर फ्रॉम यू’, ‘अवेटिंग युवर रिप्लाय’, ‘थँकिंग यू’ असे तुकडे लिहितो. त्यांना कर्ता नाही, मुख्य क्रियापद नाही. जुन्या इंग्रजी पत्रांत ही वाक्ये पूर्ण असत: तुमच्या उत्तराची आशा बाळगत, मी आहे, आपला विश्वासू. ‘आय रिमेन’ हे त्यातले मुख्य वाक्य होते. काळाच्या ओघात ते गळून पडले आणि मागे ‘होपिंग’ची शेपटी राहिली. इंग्लंड-अमेरिकेतल्या कामकाजाच्या पत्रांत आता तीही मागे पडली असून ‘आय होप टू हिअर फ्रॉम यू’ असे सरळ वाक्य लिहितात. तुकडा लिहिला तर फार बिघडते असे नाही, पण पूर्ण वाक्यात कर्ता लिहावा लागतो, आणि कर्ता लिहिला की अपेक्षा कोण करतो आहे हे आपल्यालाही दिसते.

आता व्याकरण. या शब्दांच्या चुका संख्येने थोड्या आणि ठरलेल्या आहेत. सर्वांत मोठी चूक ‘लुक फॉरवर्ड टू मीट यू’. इथे ‘टू’ पाहिला की हात आपोआप मूळ क्रियापद लिहितो, कारण ‘होप टू मीट’, ‘एक्स्पेक्ट टू मीट’ हे बरोबर असते. पण लुक फॉरवर्डचा ‘टू’ शब्दयोगी अव्ययाच्या जातीचा आहे, त्याच्यापुढे नाम लागते. पडताळा सोपा: ‘टू’पुढे ‘युवर रिप्लाय’ ठेवून पाहा. ‘लुक फॉरवर्ड टू युवर रिप्लाय’ जमते, म्हणून तिथे क्रियापद आले तर नामासारखे होऊन, ‘आयएनजी’ लावूनच आले पाहिजे: ‘टू मीटिंग’, ‘टू हिअरिंग’. ‘होप टू युवर रिप्लाय’ जमत नाही, म्हणून तिथे मूळ क्रियापदच बरोबर. नाम हवे असेल तर ‘होप फॉर’. दुसरी चूक ‘अवेटिंग फॉर’. अवेटला ‘फॉर’ लागत नाही, वेटला लागते. तिसरी ‘आय होप यू टू रिप्लाय’. एक्स्पेक्ट माणसाला कर्म करून घेते, होप तसे करत नाही. तिथे ‘आय होप यू विल रिप्लाय’ असे पूर्ण उपवाक्य द्यावे. चौथी नकाराची. ‘तो येईल असे वाटत नाही’ याला ‘आय डोन्ट एक्स्पेक्ट हिम टू कम’ चालते, पण ‘आय डोन्ट होप’ जवळजवळ कोणी म्हणत नाही. होपमध्ये नकार पुढे सरकतो, ‘आय होप ही डझन्ट कम’. अंदाज आणि मागणी यांना नकार देता येतो; आशा बाळगणारा आशा नाकारत नाही, नको असलेली गोष्ट नाकारतो. म्हणजे व्याकरणाच्या या खोडीमागेही अर्थच उभा आहे. प्रत्येक क्रियापद त्याच्या शेपटीसकट पाठ केले तर यातल्या बहुतेक चुका टळतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो भारतीय इंग्रजीच्या बाजूने. कोट्यवधी लोक ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ लिहितात, सगळ्यांना समजते, मग लंडनच्या नियमांचे ओझे आपण का वाहायचे? आक्षेपात तथ्य आहे. भारतीय इंग्रजीची स्वतःची घडण आहे आणि ‘प्रीपोन’सारखे शब्द तिने रुळवलेही आहेत. पण इथे दोन प्रकारच्या चुका एकत्र मोजल्या जातात. शेपटीची चूक अर्थाला धक्का लावत नाही. फार तर उमेदवारांचे अर्ज चाळणाऱ्याच्या डोळ्यात ती खुपते. हक्काची चूक मात्र अर्थच फिरवते आणि ती भारतीय वाचकालाही लागते. ‘आय एक्स्पेक्ट यू टू’ वाचून कोईमतूरच्या व्यवस्थापकालाही तितकाच राग येईल, कारण हुकूम हुकूमच असतो. तेव्हा पहिल्या चुकीबद्दल उदार राहता येईल, दुसरीबद्दल नाही.

दुसरा आक्षेप स्वाभिमानाचा. हे सारे सौम्य शब्द म्हणजे ‘युवर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट’च्या काळातली लाचारी नव्हे काय? खरे तर हक्क ओळखून लिहिणे हाच लाचारीवरचा उपाय आहे. माहितीच्या अधिकाराचा 2005चा कायदा 30 दिवसांत उत्तर द्यायला सांगतो आणि अर्ज मराठीतही करू देतो. समजा, कोणी परराज्यातल्या एखाद्या केंद्रीय कार्यालयाकडे इंग्रजीत अर्ज केला आणि शेवटी ‘आय होप यू विल काइंडली कन्सिडर’ लिहिले, तर त्याने कायद्याने दिलेली गोष्ट कृपा म्हणून मागितली. तिथे ‘आय एक्स्पेक्ट अ रिप्लाय विदिन 30 डेज, ॲज द ॲक्ट रिक्वायर्स’ हेच शोभते. म्हणजे सौम्यपणा जिथे हक्क नाही तिथे, ठामपणा जिथे आहे तिथे. सगळीकडे होप लिहिणारा आपले नुकसान करतो, सगळीकडे एक्स्पेक्ट लिहिणारा आपले काम बिघडवतो.

तिसरा आक्षेप आजचा आहे: फोन आणि संगणक चूक दाखवतात, वाक्यही लिहून देतात, मग हे शिकायचे कशाला? यंत्र ‘टू मीट’चे ‘टू मीटिंग’ सहज करून देईल आणि ती मदत अवश्य घ्यावी. पण गिरणीकडे आपले पैसे थकले आहेत की आपण नुसता नमुना पाठवला आहे, हे आपण सांगितल्याशिवाय यंत्राला कळत नाही. ते न सांगता मागितलेल्या मसुद्यात बहुधा गोड, सर्वांना चालणारे वाक्य येते आणि थकबाकीच्या पत्राच्या शेवटी गोड वाक्य वाचून देणेकरी निवांत होतो. हक्काचा निर्णय सहीवाल्यालाच करावा लागतो.

म्हणून पुढचे इंग्रजी पत्र बंद करण्याआधी शेवटच्या ओळीवर थांबा आणि आधी मराठीतच ठरवा: ही गोष्ट मला हवी आहे, ठरलेली आहे, की समोरचा ती मला देणे लागतो? हवी असेल तर होप, ठरली असेल तर लुक फॉरवर्ड, कागद त्यांच्या टेबलावर असेल तर अवेट, देणे लागत असेल तर एक्स्पेक्ट, आणि जिथे उत्तर हवे तिथे ‘लवकर’ न लिहिता तारीख लिहा. विनंती करायची असेल तर ती अपेक्षेत न मिसळता ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड’ अशा स्वतंत्र वाक्यात करा. एवढे ठरवून लिहिलेल्या पत्रात एखादी शेपटी चुकली तरी काम होईल. न ठरवता लिहिलेले पत्र व्याकरणाने निर्दोष असूनही भलत्याच सुरात वाचले जाईल.